काकी मागे पडता

मालवणच्या गाडीत पुढच्या सीटवर कुरकूर चालली होती. गिटारच्या वर्गातले रिया आणि देवेश. त्यांच्याच वर्गातली सुगंधाकाकी मागेच बसलीय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"रविवारच्या कार्यक्रमात काकीक नको घेऊया रे. सगळ्यांची लय बिघडता."

"गाणा संपाक इला तरी ती आपली सावकाश!"

"आपण कसे सरांबरोबर आसतंव."

"सर पण शेवटाक जरा..."

"जरा काय?"

"काय नाय गो. सर मूळचे भजनीबुवा."

काकीने दोघांच्या मधून डोकं घातलं. "देवेशा, अर्धा सांगलंस. उरलेला कोण सांगतलो?"

देवेश मागे वळला. "काकी, भजनात शेवटाक लय वाढवतत, तसे सर गिटारीर पण पळतत. आमी त्यांच्या मागसून पळतंव. लयीत तू एकटीच आसस."