तिजोरीच्या पोटातलं चित्र

मावशी: किल्ल्या कापायच्या टेबलावर पुन्हा खडूची भुकटी. यंत्रात गेली की दात वाकडे निघतात, आणि गिऱ्हाईक स्वतःच्याच दाराबाहेर अडकलं की शिव्या खायला मी.

लेक: पुसते गं मावशी. पाटीवरचा हा शेवटचा भोवरा.

मावशी: सकाळपासून सतरा काढलेस, सतरा पुसलेस. उद्या तोंडी परीक्षा तुझी आहे की भोवऱ्याची?

लेक: कुणाचीच नाही. मी जात नाहीये.

आई: ताई, ते यंत्र बंद कर जरा. का गं नाही जात?

लेक: ते परीक्षक हातात खडू देतात आणि म्हणतात, चित्र काढा. चित्र येत नसेल तर विषय समजलेला नाही, असं भर सभेत म्हणाले होते. मी अभ्यासते त्या अणूतल्या कणाचा भोवरा काढला तर ते खोटं, कारण तिथं गरगरणारं काही नाहीच. नाही काढला तर फळा कोरा. पाच वर्षं नुसती गणितं करत बसले मी, आई.

मावशी: गरगरत नाही, मग फिरवतेस काय?

लेक: चुंबकानं फिरवते. पूर्ण एक फेरा दिला तरी तो पहिल्यासारखा होत नाही. दुसरा फेरा दिला की होतो.

मावशी: अगदी आपली तिजोरी. किल्लीऐवजी घालतो ती तार एकदा फिरवली की ढिम्म, दोनदा फिरवली की खट्.

लेक: तिजोरीत दात असतात, मावशी. इथं काहीच नसतं.

आई: एका फेऱ्यानं फरक पडला, हे कळतं कसं? दिसायला तर तसाच असेल.

लेक: कणाला दोन वाटा करून द्यायच्या. एका वाटेवर फेरा, दुसरीवर नाही. पुढं वाटा जुळवल्या की जिथं कण हमखास सापडायचा तिथं सापडत नाही.

आई: आणि दोन फेरे दिले तर?

लेक: सापडतो.

आई: सात?

लेक: नाही.

आई: दोन्ही वाटांवर एकेक?

लेक: मग सापडणारच. दोघी सारख्याच बिघडल्या, फिटंफाट.

मावशी: आम्हा बहिणींसारखं.

आई: तू गप्प गं. ठके, ही उत्तरं द्यायला कागद घेतलास का आत्ता?

लेक: त्यात कागद कशाला? सरळ तर आहे.

आई: मला नाही सरळ. मावशीला तर नाहीच.

मावशी: मला फिटंफाट तेवढं कळलं.

लेक: पण दिसत नाही ना मला. तुझं बरंय. आठवीत तू मला तिजोरीच्या कुलपाचं आतलं चित्र काढून दिलं होतंस. चार दात, एक कमान, चिमुकली स्प्रिंग. प्रदर्शनात पहिलं बक्षीस आलं. त्या चित्रामुळे तर मी या वाटेला लागले. वाटलं, सगळ्याचंच पोट असं दिसत असणार.

(दोघी बहिणी एकमेकींकडे बघतात. मावशी विनाकारण टेबल पुसू लागते.)

लेक: काय झालं?

मावशी: सांग आता. किती वर्षं पोटात ठेवणार?

आई: ते कुलूप रिव्हेट मारून बंद आहे, बाळा. उघडून बघायचं तर कापावं लागेल. तुझ्या आजोबांनीही कधी आत पाहिलं नव्हतं. किल्ली हरवली तेव्हापासून तारेवरच चाललंय.

लेक: मग ते चार दात?

आई: तुला काहीतरी हवं होतं काढायला. मनानं काढले. तीन असतील, सहा असतील.

मावशी: स्प्रिंग मी सुचवली होती. चित्र फार उघडंबोडकं दिसत होतं.

लेक: माझं पहिलं बक्षीस.

मावशी: हसतेस काय, बये? इतकी वर्षं जीव टांगणीला होता माझा.

लेक: आणि ही बाई रोज सकाळी चहाचा कप एका हातात धरून ती तिजोरी उघडते. आत काय आहे ते माहीत नसताना. आई, कशी उघडतेस गं?

आई: तू सात फेऱ्यांचं सांगितलंस ना आत्ता, तशी.