फ्लेक्सवरचा हात

तुळजाबाई : मान खाली कर. आन् हलू नगंस. गजरा वाकडा बसला तर बाया मला बोलत्याल, तुला न्हाई.

आनंदी : आत्या, मला गजरा नको. मला बाहेर जायचंच नाहीये.

तुळजाबाई : बाहेर जीप फुलांनी मढवून उभी हाय. हलगीवाला चा पिऊन हलगी शेकत बसलाय. तुजा बाप फेटा बांधतोय, सोडतोय, परत बांधतोय. आन् तू म्हंतीस जायचं न्हाई!

आनंदी : पप्पांना सांग, आधी वेशीवरचा तो फ्लेक्स काढा.

तुळजाबाई : का गं? झ्याक तर हाय. खांद्यावर झेंडा काय, तुजं हासू काय. आप्पासायबांचा फोटू तुज्यापरीस ल्हान छापलाय. इलेक्शनात सुदिक कुणाची अशी छाती झाली न्हवती.

आनंदी : तू वाचलंस, त्यावर काय लिहिलंय? ‘टेनिसमध्ये एकटीने थायलंडला धूळ चारणारी लोणी काळभोरची वाघीण.’

तुळजाबाई : चष्मा घरात हुता. पर वाघीण बगितली, खालच्या कोपऱ्यात. जरा मांजरावानी झालीया.

आनंदी : आत्या, मी हरले.

तुळजाबाई : म्हाईत हाय.

आनंदी : माहीत आहे?

तुळजाबाई : मी हुते की बालेवाडीला, तुज्या बापाच्या शेजारी. आदी तू खेळलीस, ती हारलीस. मग ती हैद्राबादची उंच पोरगी खेळली.

आनंदी : लक्ष्मीप्रिया.

तुळजाबाई : ती जिंकली. झालं एकास एक. मग ती आन् हेमा जोडीनं खेळल्या, आन् त्या जिंकल्या म्हून भारत जिंकला. तुज्या बापाला ह्यातलं एवढंच कळलं, की शेवटाला समद्या पोरी नाचल्या आन् तू मधी हुतीस.

आनंदी : मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?

तुळजाबाई : तुज्या बापाला? त्यो बालेवाडीपास्नं लोणीपतुर गाडीत रडत आला. त्याला सांगायचं कुटल्या तोंडानं? आन् मी म्हंते, टीम जिंकली म्हंजी तूबी जिंकलीस. कांदा काढाय रानात धा बाया वाकत्यात, पर मार्केट यार्डात गोणीवर नाव एकाचंच असतं.

आनंदी : पण ज्या बाईचं नाव गोणीवर टाकलंय, ती दिवसभर बांधावर पडून राहिली असेल तर?

तुळजाबाई : म्हंजी?

आनंदी : काही नाही. तू ओवाळताना काय म्हणणार आहेस, ते म्हण ना.

तुळजाबाई : आत्ता? बरं. नीट आईक. रातभर पडल्या पडल्या जुळीवलीया.

*उंच बालेवाडी बाई, चौफेर गं माणूस,*
*एकली जिंकून आलं, माज्या भावाचं कणूस.*

आनंदी : पुरे, आत्या.

तुळजाबाई : का गं? डोळ्याला पाणी का?

आनंदी : ‘एकली’ का घातलंस? तुला तर सगळं माहीत होतं.

तुळजाबाई : ओवीत बसाय पायजे नव्हं का. ‘हेमा, लक्ष्मीपिर्‍या आन् बाईसायब’ म्हनून कसं बसवू? बरं, डोळं पूस. कोन आलंय बग, इस्कुटर वाजली.

(हेमा दारात. हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी.)

हेमा : येऊ का? शनिवार पेठेतून निघाले तेव्हा तरुण होते. हडपसरला केस पांढरे झाले.

आनंदी : हेमा! तू कशी काय?

हेमा : आमंत्रण नव्हतं, म्हणून म्हटलं जावं. नमस्कार आत्या. ओळखलंत ना? नाही ओळखलंत तरी हरकत नाही. तुमच्या वेशीवर माझा हात लावलाय. कोपरापर्यंत.

तुळजाबाई : हात?

हेमा : फ्लेक्सवर हिच्या खांद्यावर जो हात आहे, तो माझा. मनगटाला निळी पट्टी आहे बघा. बाकीची मी कापली गेले. लक्ष्मीप्रियाची तर नुसती वेणी उरलीय.

तुळजाबाई : अगं बया! मला वाटलं, हिचाच हात, कसातरी वळलाय.

हेमा : मग तीन हात झाले. वाघीण कशाला म्हणायचं, देवीच म्हणायचं सरळ.

आनंदी : हेमा, खरंच सॉरी. मला आज सकाळी दिसलं ते. पप्पांनी त्या छापणाऱ्याला सांगितलं असणार, फक्त माझी मुलगी ठेव.

हेमा : अगं, गंमत केली. आमच्या पेठेत माझा फ्लेक्स कोणी लावायचा नाही. लावलाच तर खाली लिहितील, ‘येथे जाहिराती लावू नयेत.’ हे घे तुझं जॅकेट. बेंचवरच विसरली होतीस.

आनंदी : थँक्स.

हेमा : आणि हे आईने दिलंय. हिंगाष्टक, घरी केलेलं. मी तिला सांगितलं, आनंदीच्या पोटात इतकं दुखत होतं की डबल्सला ती बेंचवर बसूसुद्धा शकली नाही. तर म्हणाली, गरम भात, वर तूप, आणि पहिल्या घासाला हे घे म्हणावं. सावकाश जेव म्हणावं. इतक्या गोडीने माझ्याशी कधी बोलत नाही ती.

आनंदी : ते परत ने.

हेमा : आमच्याकडे दिलेली वस्तू परत घेत नाहीत. मुळात देतच नाहीत, म्हणून.

आनंदी : हेमा, ने ना परत. प्लीज.

हेमा : काय झालं? अजून दुखतंय का?

आनंदी : माझं पोट दुखत नव्हतं.

हेमा : तू कॅप्टन मॅडमना सांगितलंस की.

आनंदी : खोटं सांगितलं.

हेमा : मग होतीस कुठे?

आनंदी : चेंजिंग रूममध्ये. सगळे नळ सोडून बसले होते. बेसिनचे, शॉवरचे. शॉवरच्या खालीच बसले होते, कपड्यांसकट. स्कोअर ऐकू येऊ नये म्हणून.

हेमा : होतं असं. मलासुद्धा दुसऱ्याची मॅच बघवत नाही. आपली मॅच परवडली, पण बेंचवर बसून...

आनंदी : नाही हेमा. तसं नव्हतं.

हेमा : टेन्शनच ना पण?

आनंदी : तू मला वाट काढून देऊ नकोस. तसं नव्हतं ते. नळांच्या आवाजातूनही लोकांचं ओरडणं यायचं. लोक ओरडले की कळायचं, पॉइंट तुमचा. आणि सगळं गप्प झालं की कळायचं, पॉइंट त्यांचा. आणि...

हेमा : आणि?

आनंदी : गप्प झालं की मला बरं वाटायचं.

हेमा : बरं वाटायचं.

आनंदी : तुम्ही हरावं असं वाटत होतं. सगळे हरले असते म्हणजे मी एकटी हरलेली उरले नसते. पाठीवर देशाचं नाव घालून बसले होते मी, आणि मनात म्हणत होते, हेमाचा डबल फॉल्ट होऊ दे. तुझंच नाव घेतलं. लक्ष्मीप्रियाचं नाही. तुझी सेकंड सर्व्हिस घाबरते, हे मला माहीत होतं ना.

तुळजाबाई : पोरी, गप. गप ऱ्हा आता.

हेमा : बोलू द्या, आत्या.

आनंदी : मग ती शेवटची आरोळी आली. थांबेचना. तेव्हा पळत आले. मी आले नसते तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून आले.

हेमा : टायब्रेकला सहा-पाच होतं. सर्व्हिस माझी. मी बेंचकडे बघितलं, तर खुर्चीवर तुझं जॅकेट होतं. मी लक्ष्मीप्रियाला म्हटलं, हा पॉइंट आनंदीसाठी मारू. बिचारी आत कळवळत असेल.

आनंदी : हेमा...

हेमा : पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. मग दुसरी मारली. पडली आत. कशी पडली, कोण जाणे.

तुळजाबाई : मीबी त्या जाकिटाकडंच बगत हुते बाय. समदी च्येंडूकडं मान फिरवायची, हिकडून तिकडं. माजी मान काय त्या खुर्चीवरनं हलंना.

आनंदी : तुला कळलं होतं?

तुळजाबाई : कळलं काय म्हनू. पोट दुखनारी पोर अशी पळत येती व्हय? आन् डोस्कं चिंब. घामानं कपाळ भिजतं गं, वेणीच्या टोकातनं पाणी गळत न्हाई.

आनंदी : मग बोलली का नाहीस काल?

तुळजाबाई : तू बोलशील म्हून वाट बगितली. रातभर ओवी जुळवीत हुते, आन् ‘एकली’पशी येऊन अडत हुते. शेवटाला तेच ठिवलं. म्या बी खोटंच केलं की. पर गोड लागलं त्ये तोंडाला.

हेमा : मी तुझ्या खांद्यावर झेंडा टाकला. तू रडत होतीस. मला वाटलं, आनंदाने.

आनंदी : हो.

हेमा : आणि हात ठेवला.

आनंदी : तोच वेशीवर आहे. सकाळी त्याच्याखालून आले, तर वर मान करवेना.

तुळजाबाई : आले रं जयसिंग! वरडू नगं, गजरा लावतीया! ... आनंदे, बाप हाका मारतोय. काय करायचं, सांग.

आनंदी : ओवी बदल, आत्या.

तुळजाबाई : आत्ता? ताट तयार हाय, निरांजन लावलंय.

आनंदी : बदल. नाहीतर मी जीपमध्ये चढणार नाही.

तुळजाबाई : साऱ्या गावात तुज्या बापाची मान खाली जाईल.

आनंदी : ती नंतर कोणीतरी सांगितल्यावर जाण्यापेक्षा आज जाऊ दे. माझ्यादेखत. मी हात धरीन त्यांचा.

तुळजाबाई : थांब मग. जरा थांब...

*उंच बालेवाडी बाई, चौफेर गं माणूस,*
*हारून घरी आलं, माज्या भावाचं कणूस.*

हेमा : यमक बसलं की.

तुळजाबाई : बसनारच. हारलं म्हून कणसाचं दुसरं काय हुतंय का? कणूस त्ये कणूसच ऱ्हातंय.

आनंदी : आणि त्या दोघींची नावं?

तुळजाबाई : त्यास्नी दुसरी ओवी करते. जीप मारुतीपतुर जाईस्तोवर हुईल.

आनंदी : आणि नळाचं मी माईकवर सांगते. सगळं.

हेमा : नको.

आनंदी : का?

हेमा : माईकवर तू रडशील. लोक म्हणतील, केवढं मन मोठं पोरीचं. टाळ्या वाजवतील. म्हणजे पुन्हा तूच. हरलीस, एवढं सांग. कोण जिंकलं, ते सांग. बाकीचं माझ्याकडे राहू दे. लक्ष्मीप्रियाला मात्र तू सांगायचंस. तोंडावर. मी नाही सांगणार.

आनंदी : सांगते. हेमा, तू मला...

हेमा : ते आज विचारू नकोस. मला माहीत नाही अजून.

आनंदी : बरं.

हेमा : चूर्ण ठेव. आईला मी काही सांगणार नाही. भातावर घे, नाहीतर तशीच पुडी राहू दे घरात.

तुळजाबाई : चला गं आता. हलगी सुरू झाली. हेमाबाय, तूबी चड जीपमदी, हिच्या शेजारी. लोकांस्नी दावू तरी, हात कुनाचा त्यो.

हेमा : नको आत्या. जीपमध्ये नाही बसवणार मला. मी मांडवात बसते, खाली. त्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात ना, तिथे.

आनंदी : सगळ्यांची भाषणं आहेत गं. आप्पासाहेब तर तासभर बोलतात. पेठेत पोचायला तुला उशीर होईल.

हेमा : होऊ दे. बेंचवर शेवटपर्यंत बसायचं असतं.