सुई टोचल्यागत

म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस भरत होती. गौरवीच्या पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ते काय असावं, म्हणून ती कान देऊन ऐकू लागली.

“पंप इकडं द्या, मी धरते.”

“राहू दे पूनम, साडी खराब हुईल. तसा आता गळत न्हाई, मिस्त्रीनं सगळी सीलं बदलली.”

“मग उजव्या हातानं धरा की. मघापासनं डावाच का?”

“सकाळी पोकलेन चालू ठिवून, गळतंय कुठं ते बोटानं चाचपत होतो. डिझेलची बारीक धार बसली.”

“बघू. हे तर सुई टोचल्यागत हाय.”

“तेच म्हणतोय. दुखतबी न्हाई.”

“बोट हलवा.”

“राहू दे गं आता.”

“अहो, हलवा की!”

“जरा बधिर झालंय. नार्व्याला खाडीचा बांध फुटलाय, पूनम. भरतीच्या आत मशीन चालू झाली न्हाई तर शेतात खारं पाणी शिरंल.”

“दादूभावजींना अशीच धार बसली, तवा त्यांनाबी दुखलं नव्हतं. डिझेल कातड्याच्या आत गेलं हुतं. बोट कापावं लागलं.”

बस हलली.

“कंडक्टर, थांबवा! मोठ्या दवाखान्यात जायचंय.”

“अगो बाय, गाडी आत्ता सुटली मगो!”

“पण हा पंप?” नवऱ्यानं विचारलं.

“माझ्याकडे द्या,” गौरवी म्हणाली. “डिचोलीच्या स्टँडवर घ्यायला कोणाला तरी पाठवा.”

पूनमनं ते ओझं तिच्या मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याला दंडाला धरून उतरवलं. खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला:

“मुकादम, पंप बसनं येतोय. पोकलेन चालवायला दुसरा माणूस बघा.”