कुंकवाखालचा नंबर

मंगळवार पेठेत अल्ताफच्या दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटरसाठी थांबलो होतो. तेवढ्यात आकाराममामा कॉम्प्युटरचा डबा काखेत मारून आले.

"अल्ताफ, विंडोज परत टाकायचंय. ह्याच्याबरोबर आलेली सीडी गावंना, म्हणून शेजारच्या सम्राटची आणलीया. चालंल न्हवं?"

"सीडी कुणाचीबी चालती, मामा. विंडोजचा नंबर मात्र तुमचाच पायजे. डब्यावर कंपनीनं चिकटवलेला असतोय."

"हितं होता की."

"हितं नुसता पांढरा कागद हाय."

"दर दसऱ्याला तिथंच कुंकू लावतोय. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी ओल्या फडक्यानं पुसून घेती."

"मग अक्षरंबी पुसली की."

"थांब, पहिल्या पूजेचा फोटो हाय मोबाईलात. तवा कागद नवा होता."

"दिसतोय नंबर. पण शेवटची चार अक्षरं कुंकवाखाली हाईत."

"जरा पुसून बघ की."

"फोटोतलं कुंकू कसं पुसू, मामा?"

"उद्या सकाळी ह्याच्यावर नातीची नोकरीची मुलाखत हाय."

"मुलाखत अडत न्हाय. नंबराशिवाय टाकून देतो. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं येत ऱ्हाईल."

"दुकानातनं पावतीनिशी घेतलंय मी. वर सात वर्सं पुजलंय."

"त्याला काय ठावं?"

"मुलाखत घेणाऱ्यांना दिसंल व्हय ते?"

"न्हाय. फक्त तुमच्या नातीला दिसंल."

"तिलाबी नको दिसायला. तू टाक. त्या कोपऱ्यावर मी वाडीच्या दत्ताचं स्टिकर लावतो."