चूल वेगळी झाली त्या दिवशी

अक्षता: हसू नका ना वहिनी! सगळ्या घरादाराच्या भाकऱ्या थापून झाल्या, हर्षद ताट घेऊन बसला आणि म्हणतो, कालवण कुठंय? तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

रुक्मिणी: तुका नाय हसत गो. आधी हो टोप बघ. काढ झाकण.

अक्षता: आई शप्पथ! एवढं बांगड्याचं कालवण? दोन माणसांना?

रुक्मिणी: हात चालला तसं केलं. वाटण घातलं, तिरफळं घातली, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ह्यांनी विचारलं, कोणाची वाट बघतेस? म्हटलं, भाकरीची. ह्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तेही येऊन उभे राहिले.

अक्षता: दादाही?

रुक्मिणी: मग! तू लग्न होऊन आलीस त्याला दहा वर्षं झाली. लॅबमधून आलीस, हातपाय धुतलेस की परातीला लागायचीस, आणि मी कालवणाला. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. आज चूल वेगळी झाली तर तुझ्याकडे नुसत्या भाकऱ्या, माझ्याकडे नुसतं कालवण. शोभा झाली की नाही? कशाला गो वेगळे झालो आपण?

अक्षता: आपण कुठे झालो? चाळ पाडली. बाबांच्या दोन खोल्या होत्या, त्याची दोन घरं मिळाली. चिठ्ठीत तुम्हाला सहावा मजला आला, आम्हाला चौदावा. आता बिल्डरला काय सांगणार होतो, आमचा तवा एकच आहे म्हणून?

रुक्मिणी: सासरे असते तर सांगून आले असते. मिलमध्ये साहेबाला ऐकवायचे ते, बिल्डर कोण लागून गेला!

अक्षता: खरंय. आणि मग बिल्डरच आपल्याकडे जेवून गेला असता.

रुक्मिणी: बस ना अशी. उभी काय? खुर्च्या अजून बांधलेल्याच आहेत, पाटावर बस.

अक्षता: बसते. भाकऱ्यांचा डबा ओट्यावर ठेवलाय. त्याआधी ही पिशवी घ्या.

रुक्मिणी: काय ता? साडी? आज काय आहे?

अक्षता: काही नाही. तुमच्यासाठी. मुलुंडला घेतली. रंग आवडला नसेल तर बदलून देतो तो.

रुक्मिणी: रंग झकास आहे. पण ही काही रोज नेसायची नव्हे. पदर बघ केवढा भरलेला! कोणाचं लग्न काढलंस?

अक्षता: वहिनी, मला नीट बोलता येत नाही, तुम्हाला माहितीये. पण आज बोलायचंच ठरवून आले. सात वर्षं तुम्ही प्रांजलला सांभाळलंत. मी उजाडायच्या आत बाहेर पडायचे. तिची आंघोळ, तिचा डबा, शाळेची गाडी, सगळं तुमच्यावर. तिला कांजिण्या आल्या तेव्हा मी घरोघरी लोकांचं रक्त काढत फिरत होते आणि तुम्ही तिच्या उशाशी कडुनिंबाचा पाला घेऊन बसला होतात. तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली. लॅबमधल्या किती जणींना सोडावी लागली. हे मी एकदाही तोंडाने बोलले नाही. म्हणून थँक यू. अगदी मनापासून.

रुक्मिणी: थँक यू?

अक्षता: हो.

रुक्मिणी: ते आज का?

अक्षता: असंच. म्हणजे, असंच नाही, जरा बोलायचं होतं...

प्रांजल: काकी! मी एकटी आले लिफ्टने! मम्मी, मी स्वतः सहा दाबलं!

रुक्मिणी: शहाणी गो माझी बाय! ये, जेवतंस ना? बांगडो आसा. काटे काढून देतंय.

प्रांजल: शेपटीकडचा दे. काकी, तुझी निळी गोधडी मी नेऊ?

रुक्मिणी: ने की. चौदाव्या मजल्यावर थंडी वाजते वाटतं?

प्रांजल: वरती नाही गं, डे-केअरला. तिथे दुपारी सगळ्यांना झोपवतात, आणि आपलं अंथरूण आपणच न्यायचं असतं. मम्मी म्हणाली नवीन चादर घेऊ. मला नको नवीन. नवीनला दुकानाचा वास येतो.

रुक्मिणी: खयच्या डे-केअरला?

प्रांजल: स्टेशनजवळच्या. सोमवारपासून. मम्मी, तू अजून काकीला सांगितलंच नाहीस?

अक्षता: प्रांजल, ताट घे आणि आतल्या खोलीत काकांबरोबर जेव.

प्रांजल: पण काटे?

रुक्मिणी: काका काढतील. जा बाय. दार ओढून घे.

अक्षता: वहिनी, मी सांगणारच होते. त्यासाठीच आले होते.

रुक्मिणी: घे ही साडी परत.

अक्षता: असं काय करता?

रुक्मिणी: माका नको. हे कंपनीतून रिटायर झाले तेव्हा ह्यांना शाल आणि नारळ दिला होता. दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा वॉचमनही आत सोडत नव्हता. तुझ्या पिशवीत नारळ नाही, एवढाच फरक.

अक्षता: किती लागेल असं बोलता हो! मी तुमच्या भल्यासाठीच केलं.

रुक्मिणी: माझं भलं, आणि मला विचारायचं नाही?

अक्षता: तुम्हीच बोललात ना! ही इमारत होईपर्यंत राहिलो त्या कांजूरच्या भाड्याच्या खोलीत आपण सामान बांधत होतो, तेव्हा मालनताईंचा फोन आला होता. मी पलीकडे भांडी भरत होते. सगळं ऐकलं मी. "पोरीमुळे पाठ टेकायला मिळत नाही गो. कुठे जायला नको, यायला नको. कंबरेचा काटा ढिला झाला माझा." हेच बोललात ना?

रुक्मिणी: बोलले.

अक्षता: मग? त्या रात्री मला झोप नाही लागली. वाटलं, आपण या बाईला जुंपून ठेवलीय आणि ती बिचारी नात्यामुळे तोंड उघडत नाही. हर्षदला सांगितलं, आता घरं वेगळी होतायत, वहिनींना मोकळं करू या. चार डे-केअर बघितली. हे चांगलं आहे. अभ्यास घेतात, कॅमेरे आहेत, लॅबमध्ये बसून फोनवर दिसते मुलगी.

रुक्मिणी: तक्रार ऐकलीस आणि लगेच निघालीस? मी तर रोज देव्हाऱ्यासमोर उभी राहून देवाचीच तक्रार करते. म्हणून देव काय उठून डे-केअरला गेला?

अक्षता: वहिनी, जोक नका ना करू. मी सीरियसली बोलतेय.

रुक्मिणी: मीही. मालन कोण, माहीत आहे तुला?

अक्षता: चाळीत शेवटच्या खोलीत राहायच्या त्या. आता विक्रोळीला असतात.

रुक्मिणी: तिचा निलेश झाला तेव्हा तू आली नव्हतीस. तो आता कॉलेजात जातो. माझ्या लग्नाला तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील, आणि माझ्या घरात पाळणा नाही. बारशाला गेले. बायका आळीपाळीने बाळ घेत होत्या. माझी पाळी आली. मी पदर सावरला, मांडी नीट केली. आणि मालन म्हणाली, थांबा हां, त्याला पाजायचंय. उचललं आणि आत घेऊन गेली. आत्ताच पाजून आणलं होतं गो त्याला. तोंडाला दूध लागलेलं होतं, मी बघितलं होतं.

अक्षता: काय सांगता! मालनताईंनी असं केलं?

रुक्मिणी: ती एकटी नव्हे. तिचा राग नाही मला. कोवळी पोर ती, सासूने शिकवलं तसं वागली. पण त्यानंतर मी कोणाच्या बाळाला हात लावायला गेले नाही. दाराशी उभी राहायची, गोड आहे हो बाळ, म्हणायची, आणि घरी यायची. चाळीत किती बारशी झाली! सगळ्यांची घुगरी खाल्ली मी, लांबून.

अक्षता: मला इतक्या वर्षांत कोणीच नाही सांगितलं. तुम्हीही नाही.

रुक्मिणी: त्यात सांगण्यासारखं काय होतं? तर त्या मालनला मी फोनवर सांगत होते, पोरीमुळे पाठ टेकायला मिळत नाही. मी तक्रार करत नव्हते, अक्षता. मी मिरवत होते.

अक्षता: वहिनी...

रुक्मिणी: आणि थँक यू तू कसलं म्हणतेस? म्हणायचं तर मी म्हणायला हवं. तुझी बाळंतपणाची सुट्टी संपली तो दिवस आठवतो?

अक्षता: अंधुक. धावपळच होती.

रुक्मिणी: मला लख्ख आठवतो. मी चहा गाळत होते. तू एका हाताने केस विंचरत आलीस, दुसऱ्या हातात ही. मला विचारलं नाहीस, देवाचं नाव घेतलं नाहीस, काही नाही. "घ्या हिला जरा" म्हणालीस, माझ्या हातात दिलीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. मी गॅलरीत येऊन बघत राहिले. म्हटलं, आता वळेल, आता वळेल. जिन्यापर्यंत गेलीस तरी वळून बघितलं नाहीस. चहा निवला, हे ओरडत राहिले, मी तशीच उभी. माझ्या हातात मूल देऊन मागे न बघता कोणी गेलं नव्हतं कधी. तुझे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

अक्षता: मला खोटं नाही बोलता येत, वहिनी. मी काही मोठं मन वगैरे दाखवलं नव्हतं. मला यातलं काही माहीतच नव्हतं. मला फक्त उशीर होत होता.

रुक्मिणी: तेच तर म्हणते मी! विचार करून दिली असतीस तर मेहेरबानी झाली असती. मग मीही भीत भीत घेतली असती, कुठे शिंकली तरी वाटलं असतं, माझी नजर लागली. तुला उशीर होत होता म्हणून दिलीस. घरच्या माणसाकडे देतात तशी.

अक्षता: रडवू नका हो. मी आज हसायला आले होते.

रुक्मिणी: रड. रडून झालं की भाकरी जास्त जाते.

अक्षता: एक खरं सांगा. दमता की नाही?

रुक्मिणी: दमते ना! मिरवणं वेगळं आणि कंबर वेगळी. कंबर खरीच दुखते.

अक्षता: मग कसं करायचं? मला पुन्हा तुम्हाला जुंपायचं नाहीये. तुम्ही नुसतं हो म्हणाल आणि झंडू बाम लावून झोपाल.

रुक्मिणी: मग ऐक. मला गुरुवारी सुट्टी पाहिजे. आपल्या चाळीतल्या बायका खाली सोसायटीच्या हॉलमध्ये भजन सुरू करतायत. गुरुवारी संध्याकाळी मी कोणाची नाही. त्या दिवशी हर्षदला लवकर यायला लाव. बाप आहे ना तो?

अक्षता: तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

रुक्मिणी: सांगते. शाळेत सोडायला जायचे मी त्याला, माझ्यापुढे आवाज नाही निघत. आणि दुपारी एक तास मी आडवी होणार. तेव्हा प्रांजलने दंगा करायचा नाही, हे तू तिला सांगायचंस. मी सांगितलं तर ती हसते.

अक्षता: चालेल. आणि अभ्यास? आता दुसरीत आहे, पुढे वाढतच जाणार.

रुक्मिणी: इंग्रजी मला येत नाही, ते खरंच. ते तू घे. बाकीचं तीच मला शिकवते. काल झाडाचे भाग शिकवले. मी मुद्दाम चुकते, मग ती चिडते, परत पुस्तक उघडते आणि मला पहिल्यापासून समजावते.

अक्षता: मुद्दाम चुकता?

रुक्मिणी: निम्म्या वेळी मुद्दाम.

अक्षता: थँक यू वहिनी. आता तरी घ्या ना हे थँक यू. निरोपाचं नाहीये.

रुक्मिणी: घेतलं. साडीपण ठेव इथेच, गणपतीला गावाला जाताना नेसेन. चल, ताटं घे. तुझ्या भाकऱ्या तव्यावर टाकते, पार गार झाल्यात. हर्षदला बोलाव खाली.

अक्षता: मला कालवण शिकवाल? खरंच येत नाही. लाज वाटते सांगायला.

रुक्मिणी: शिकवीन कधीतरी, घाई काय आहे? तोवर परात घेऊन खाली येत जा. लिफ्ट काय शोभेला लावलीय?

अक्षता: थांबा, आधी डे-केअरला कळवते. नाहीतर सोमवारी उगाच वाट बघत बसतील.

(अक्षता फोन लावते. रुक्मिणी तव्याशी, तिच्याकडे पाठ करून उभी.)

अक्षता: हॅलो, मॅडम? मी अक्षता घाडीगावकर... हो, प्रांजलची मम्मी. सोमवारपासून नाव घातलं होतं ना, ते तेवढं काढाल का?... नाही नाही, तुमच्याकडे सगळं छान आहे हो, काही तक्रार नाही... नोकरी? नाही, नोकरी कुठे सोडतेय, मी कामावर जाणारच आहे... नाही, सांभाळायला बाईही नाही ठेवली... अहो मॅडम, तिची आई असते ना घरी.