भावाच्या जिवावर

नंबर? भावाचा नंबर कशाला पाहिजे साहेब? — बसा की, उभ्यानंच काय लिहून राहिले, ती खुर्ची मजबूत हाय. हाव, मीच जगदेवी. पोरींच्या होस्टेलची रेक्टर — होते म्हणजे, बारा वर्षं. डाक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आलेल्या पोरी, नांदेडच्या, हिमायतनगरच्या, कुठकुठल्या. मार्चमध्ये कोरोना आला आन् दोन दिवसांत सगळ्या पेट्या उचलून गेल्या. मालकानं क्लासला कुलूप लावलं, मला म्हणले, बाई, आता तुम्हाला काय काम? पगारातून विम्याचे कापत होते, म्हणून हा बेरोजगारीचा अर्ज केला. तीन महिने अर्धा पगार मिळतो म्हणले. काम सुटलं हे खरंच हाय, लातुरात कोणालाबी विचारा, त्यात लबाडी न्हाई.

हाव, हाव, भाऊ. तुमच्या विमा ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं ना, सध्या घर कशावर चालतंय? मी म्हणले, भावाच्या जिवावर. त्यांनी तसंच लिहिलं. नाव? वीरण्णा. राहतो — पाणी आणू का तुम्हाला? लई चढलात जिना. न्हाई, टाळून न्हाई राहिले. शेजारच्या राजश्रीताई म्हणल्या, बँकेत पैसा असला तर भत्ता मिळत नसतो, उलटी केस होते. तवापासून जिन्यात पाय वाजला की मी गॅस बंद करते. फोडणीचा वास गेला तर म्हणतील, हिला काय कमी हाय! कमी हाय का साहेब? न्हाई. खोटं कशाला बोलू. हे घ्या पासबुक, बघा, आत्ताच बघा, मग माझ्या जिवाला घोर न्हाई.

भूकंपाचा पैसा हाय. त्र्याण्णवचा. आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. आई गेली, दादा — वडील आमचे — गेले, वीरण्णा गेला. सरकारनं माणसामागं दिले ते मामानं चाकूरहून येऊन माझ्या नावानं बँकेत ठेवले. सत्तावीस वर्षं हात लावला न्हाई मी. मामा म्हणले, नर्सिंगला लाव — न्हाई म्हणले. लग्नाला घे म्हणले — मी लग्नच केलं न्हाई, सुटला प्रश्न. आन् आता आठ महिने झाले, तांदूळ त्यातलाच, खोलीचं भाडं त्यातलंच. मग भावाच्याच जिवावर झालं ना? काय खोटं सांगितलं मी?

का न्हाई लावला हात? — तुम्ही न्हाई विचारलं ते, हाव, मीच बोलून राहिले. नऊ वर्षांची होते साहेब. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. गल्लीतल्या पोरी मंडपात जमणार होत्या, गाण्याच्या भेंड्या खेळायला. वीरण्णा पाच वर्षांचा, शेपटासारखा माझ्या मागं. उठून मागं येऊ नये म्हणून मी बाहेरून कडी लावली. — दगडाच्या भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद. कडी नसती तरी कोणी निघालं नसतं. उघड्या दाराची घरंबी गेली की! सगळी गेली. पण ज्यांनी दगड उपसले ते मामाला सांगत होते, पोरगं दाराला चिकटून सापडलं. मी तिथंच उभी होते. बोलले न्हाई. मामा वारले, त्यांनाबी न्हाई सांगितलं.

काय? — चालतं? बँकेत पैसा असला तरी चालतं? नुस्तं काम नसलं पाहिजे, बस? मग भावाचा नंबर — माझा फोन लागत न्हाई म्हणून? अर्ज मंजूर झाला ते कळवायला? अहो, मीच बंद ठेवला होता. भ्यायले होते ना.

तुम्ही लिहून घेतलं का हे? दाखवा. ती ओळ कशाची हाय? — पत्ता हाय का, बरं. भावाच्या जागी काय लिहिता? मयत? थांबा, नका लिहू तसं. रिकामी सोडा ती जागा. सोडता येत न्हाई? — मग लिहा. लिहा साहेब, मी तिकडं बघत न्हाई.

सही कुठं करू? हितं? — झाली. आता जावा तुम्ही. न्हाई, काय बोलू नका. जावा.