टोपलीचा दोर

अलेक्झांड्रियाच्या त्या गल्लीत नजवा रोट्यांच्या रांगेत उभी होती. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या सज्जात, गुडघ्यांमुळे जिना उतरणं सोडलेली तिची आई, रोट्या वर ओढून घ्यायला दोर बांधलेली टोपली घेऊन वाट बघत होती. नजवाच्या पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“इकराम, तू? आणि खाली? टोपली कुठाय तुझी?”

“दोर कापला.”

“कुणी, सुनेनं?”

“तिची काय बिशाद! मीच कापला.”

“वेड लागलंय तुला. अगं, तुझे गुडघे!”

“बसले तरी दुखतात, उठले तरी दुखतात. म्हटलं, दुखा लेको, पण ताज्या रोटीसाठी दुखा.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“बाई आहे ती. म्हणाली, दुखणं थांबायची वाट बघाल तर पाय चालायचंच विसरतील. रोज थोडं उतरा.”

“आणि उतरलीस?”

“पहिल्या दिवशी एकच जिना उतरले आणि पायरीवर बसून रडले. मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं, बहिगानं, दाराबाहेर खुर्ची मांडली. आता तिथे जरा टेकते, गुडघ्यांना चार शिव्या घालते आणि निघते.”

“आणि वर चढताना?”

“तेव्हा शिव्या जास्त लागतात.”

रांग सरकली. नजवानं गरम रोट्या घेतल्या आणि ती सज्जाखाली आली. टोपली झुलत झुलत तिच्या डोक्याशी येऊन थांबली.

“नजवा, टाक गं!”

नजवानं रोट्या छातीशी धरल्या.

“आई, मी जिन्यात खुर्ची मांडतेय. रोट्या तिथे मिळतील.”